अर्धी टाळी पुढे

मेटगळ्ळी, मैसूर
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

शशांक,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी हे पत्र फाडू नकोस. तीन वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस. पत्राचं बरं असतं, पोस्टमन दारात उभा राहिला की हात पुढे करावाच लागतो. पिरियापट्टणचा पत्ता तुझ्या बाबांनी दिला. देताना म्हणाले, "कमळे, लिही की, पण उपदेश बेड." म्हणून उपदेश नाही. तंबाखूच्या गोदामात दिवसभर असतोस तर नाकातोंडाला फडकं बांधत जा, एवढंच. हा उपदेश नव्हे, आत्याचा हक्क आहे.

पत्राचं कारण असं. दिवाळीआधी शिलाईचं युनिट आवरायला काढलं होतं. फॅक्टरीच्या शर्टांची बटणं ठेवतो ना, त्या खोक्याच्या तळाशी तुमच्या ‘कडकोळ गेट’ बँडची डिस्क सापडली. मूळ रेकॉर्डिंगं, सहा गाणी, तू वाजवलेली. प्रणेश तीन वर्षं म्हणत होता की ती हरवली. हरवली नव्हती, बटणांखाली होती.

ते अकरा रविवार मला आठवतात. "आत्या, कुठल्या स्टुडिओत असं जमणार नाही, चारी बाजूंनी कापड आहे, आवाज भिंतीला आपटून परत येत नाही," असं तूच म्हणाला होतास. मग मी खाकी आणि निळ्या कापडाचे तागे छातीपर्यंत रचून दिले. तुम्ही तिघं आत. चैत्रा गिटार घेऊन गाणार, प्रणेश बेस वाजवणार आणि रेकॉर्डिंगही बघणार, आणि तू ड्रम्सवर. मी बाहेर पायरीवर बसून शाळेच्या शर्टांच्या कॉलरी उलटवायची.

डिस्कचं कळल्यावर चैत्रा येऊन गेली. आता शाळेत शिकवते, केस कापलेत, हसणं तेच आहे. तुझ्या जागी मशीनचे ड्रम्स घालून तुम्ही, म्हणजे त्यांनी, ती सहा गाणी बाहेर काढली होती, ती तिला आता ऐकवत नाहीत म्हणाली. "अम्मा, हाडु नडियुत्ते, पण कुठे पोचतच नाही," असं अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या. गाणं चालतं पण पोचत नाही. त्यानंतर बँडच बंद पडला हे तुला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी प्रणेश डिस्क घेऊन युनिटमध्ये येणार आहे. मी त्यांना बोलावलं नाही, त्यांनीच विचारलं. तू विचारशील, आत्याला काय त्याचं? काही नाही, सहज कळवलं.

आशीर्वाद.
कमलाक्षी आत्या


मेटगळ्ळी
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

शशांक,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. हे दुसरं लिहिण्यावाचून मला राहवत नाही.

रविवारी तिघं बसलो, मी, चैत्रा, प्रणेश. मशीनींवर चादरी टाकल्या, पंखे बंद केले. प्रणेशने पहिलं गाणं लावलं, ‘गेट हाकिदे’. कडकोळच्या रेल्वे फाटकात व्हॅन अडकली, गेट लागलेलं, गाडी येईना, आणि तुम्ही तिथेच ते रचलंत, ही गोष्ट तू मला दहा वेळा सांगितली होतीस. गाणं मात्र मी एकदाही धड ऐकलं नव्हतं. पायरीवरून नुसती धडधड ऐकू यायची आणि मला वाटायचं, पोरं खूश आहेत ना, झालं.

शशांक, मी थक्क झाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. सुरुवातीला तू जवळजवळ काहीच करत नाहीस. फाटकात उभ्या माणसाने बोटांनी स्टेअरिंगवर ठेका धरावा तेवढंच. चैत्राचा आवाज कंटाळलेला आहे, प्रणेशचा बेस डुलक्या घेतोय. मग कधी काय झालं मला कळलं नाही. मी स्टुलावर बसले होते, आणि गाणं संपलं तेव्हा उभी होते. कात्री हातात होती, ती कधी उचलली तेही आठवत नाही. चैत्रा तोंड झाकून रडत होती. आपल्याच घरातला मुलगा आत असं काही करत होता आणि मी बाहेर बसून कॉलरी उलटवत होते, याची मला लाज वाटली.

पुढचं प्रणेशच्या तोंडून ऐक. त्याच्या मराठीला हसू नकोस, पोराच्या घरी आता सगळे कन्नडच बोलतात. लॅपटॉपवर आवाजाच्या रेघा मोजत होता, मोजता मोजता थांबला. मग म्हणाला, "आत्या, इकडे स्वल्प नोडा, थोडं बघा. स्टार्टिंगला मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके आहेत. एंडला एकशे बारा."

मी म्हटलं, "म्हणजे वाढतात. ते तर बेंगळुरूचे गृहस्थ तेव्हाच म्हणाले होते, शशांक पळतो म्हणून."

"अदल्ल. ते नाही. ह्या गाण्याचे अकरा टेक आहेत. वेगवेगळ्या रविवारचे. अकराच्या अकरा चौऱ्याऐंशीला सुरू, एकशे बाराला एंड. एखादा एकशे अकरा. मध्ये कुठे उडी नाही. असं मशीनला सांगितलं तरच करते, माणूस कसा करेल?"

त्याने बाकीची पाच गाणीही मोजली. प्रत्येकाची चढण वेगळी, पण ज्याची त्याची ठरलेली. तो डोक्याला हात लावून बसला. एवढी वर्षं शेजारी उभं राहून वाजवलं आणि लय चढतेय हे त्याला कधीच जाणवलं नव्हतं म्हणाला. चैत्रालाही नव्हतं.

मला दसऱ्यातलं ते लहान स्टेज आठवलं. शेवटच्या गाण्याला खुर्च्यांवरची सगळी माणसं उभी राहिली होती. बंदोबस्तावरचा पोलीससुद्धा काठी जमिनीवर ठोकत होता. तेव्हा मी दादाला, तुझ्या बाबांना, म्हटलं होतं, चैत्राचा आवाज काय लागलाय बघ. आवाज लागला होताच, पण माणसं उठली ती कशाने, हे मला आज कळतंय.

आता मुद्द्याचं. चेन्नईत काही हौशी लोक आहेत, जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकड्या काढतात. त्यांना ‘कडकोळ गेट’ची तबकडी काढायची आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं आहे. चैत्रा म्हणते, निघालं तर तुझ्या ड्रम्ससकट निघेल, नाहीतर निघणारच नाही. पण तुझा होकार हवा. "त्याला न विचारता आम्ही एकदा त्याला काढलं. न विचारता परत घालणार नाही," हे तिचे शब्द. होकार दे. मला फोन नको करूस, बाबांना सांग.

आशीर्वाद.
आत्या


मेटगळ्ळी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

शशांक,

तुझा निरोप पोचला. गुरुवारी दादा युनिटमध्ये आला, चपलाही काढल्या नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाला, "शशांकचा फोन होता. हो नाही म्हणाला, ना इल्ल म्हणाला. म्हणाला, आत्याला विचारा, मी पळत होतो का." आणि दादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, चहा घे. त्याने घेतला नाही.

विचारलंस ते बरं केलंस. सांगते. आधी कालची एकादशी सांगते, कारण ते त्यातच येतं.

प्रणेश आपल्या विठ्ठल मंदिरात आला होता. त्या मोजण्याने त्याची झोप उडाली आहे. खिशाएवढा रेकॉर्डर खांबाला टेकवून ठेवला आणि भजन सुरू होण्याआधी कोपऱ्यात बसला. तुझे बाबा गायला बसले, टाळ माझ्याकडे. आपली नेहमीचीच मंडळी, शिंपी आळीतली सगळी, पहिल्या रांगेत म्हातारे श्रीनिवासराव, हल्ली त्यांचे गुडघे पार गेले आहेत. भजन नेहमीसारखंच झालं. शेवटी सगळे उभे राहिले, श्रीनिवासरावसुद्धा.

भजन संपल्यावर प्रणेश पायऱ्यांवर लॅपटॉप उघडून बसला. मी प्रसादाचा द्रोण त्याच्यापुढे धरला तर त्याचं लक्ष नाही. म्हणाला, "आत्या, तुम्ही चौऱ्याऐंशीला सुरू केलंत." मी म्हटलं, असेल. म्हणाला, "एकशे बाराला संपलं." मी द्रोण पायरीवर ठेवला. "सेम चढण. ग्राफ एकावर एक ठेवला तर दुसरा दिसत नाही. आत्या, हे त्याला कुणी शिकवलं?"

बघ, मी लिहितेय आणि बाहेर कापडाचा टेम्पो येऊन उभा आहे, आज रविवारी कसला माल आणलाय कोण जाणे. उतरवून घ्यायला हवा. बाकीचं पुढे लिहीन.

आत्या


मेटगळ्ळी
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, सकाळ

शशांक,

टेम्पो आला नव्हता. कालचं पत्र मी तसंच टाकलं कारण मला पुढचं लिहिता येत नव्हतं. आज कारागीर यायच्या आत लिहून टाकते.

तू पळत नव्हतास. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तीन वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं.

तुला कुणी शिकवलं, तर मी. तू पाच वर्षांचा असताना तुला मांडीपाशी बसवून हातात छोटे टाळ दिले आणि तुझ्या गुडघ्यावर माझा अंगठा ठेवला. मला देवळात टाळ शिकवणाऱ्या गणपतरावांचा नियम तुला सांगितला. लय अशी चढवायची की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळता कामा नये. शेवटी तो उभा असतो, आणि त्याला वाटतं आपणच उठलो. दहा वर्षं दर एकादशीला तू माझ्या अंगठ्याखाली हेच शिकलास. जगात दुसरी गाणीही असतात, जिथे सुरू केलं त्याच चालीने संपवायचं असतं, हे तुला मी सांगितलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं? गाणं म्हणजे चढायचंच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. तू ते ड्रम्सवर नेलंस. एवढीच तुझी चूक.

आता तो दिवस. बेंगळुरूहून ते गृहस्थ आले होते, पांढरे बूट घालून, युनिटमधल्या दोऱ्यांवरून पाय उचलून चालत होते. सहा गाणी ऐकली आणि म्हणाले, ड्रमर पळतो, कानात तालाची टिकटिक घालून परत वाजवायला लावा नाहीतर मशीन लावा. तू म्हणालास, मी पळत नाही, गाणं तसंच आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की ह्या बाई भजनात लय धरतात. ते माझ्याकडे वळले. "अम्मा, तुम्हाला लयीचं कळतं. नीवे हेळि, तुम्हीच सांगा. तो पळतो की नाही?"

आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आत्या आता सांगेल, असं त्यावर होतं. ते मला अजून दिसतं.

मी म्हटलं, "हौदु. पळतो तो."

गेल्या तीन वर्षांत मी स्वतःला बरंच काही समजावलं. की मी न म्हणते तरी त्यांनी तेच केलं असतं. की पोराला रीत कळावी म्हणून बोलले. सगळं खोटं. खरं एवढंच की मला लाज वाटली. तो पळतो म्हणजे मीच पळवते, आणि आमचं देवळातलं वाजवणं गावठी आहे, हे त्या पांढऱ्या बुटांसमोर उघडं पडेल अशी मला भीती वाटली. तज्ज्ञांच्या बाजूला उभं राहून मीही तज्ज्ञ झाले, आणि तुला एकटं टाकलं. तू स्टिका ताग्यांवर ठेवल्यास. त्या अजून आहेत.

डिस्कचंही सांगते. ती सापडली नाही. प्रणेशने पुसायला काढली होती, मी ती बटणांच्या खोक्यात लपवली आणि हरवली म्हणून सांगितलं. ती ऐकायची कशी हेही मला ठाऊक नव्हतं. पुसू द्यायची नाही एवढंच ठाऊक होतं. दिवाळीची आवराआवर दरवर्षीच होते, यंदा चैत्रा दारात आली म्हणून मी खोक्यात हात घातला.

होकार द्यायचा की नाही हे तुझं तू ठरव. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही, मला तो अधिकार उरलेला नाही. फक्त एक कळवते. सात डिसेंबरला, रविवारी, ही पोरं सातवं गाणं रेकॉर्ड करणार आहेत, जे त्या भांडणात राहून गेलं आणि जे तू माझ्या कापायच्या टेबलावर तळव्यांनी वाजवायचास. टिकटिक नसणार. चैत्रा गाईल, प्रणेश बेस धरेल, टाळ मी वाजवेन. तुझी जागा रिकामी ठेवू. मशीन लावणार नाही, दुसरा कुणी बसणार नाही. रिकामी जागा ऐकू आली तर येऊ दे.

कारागीर आले. खरंच आले, ह्या वेळी.

आत्या


मेटगळ्ळी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

शशांक,

बुधवारी दादा युनिटमध्ये आला. ह्या वेळी चपला काढल्या. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "त्याने पाठवलंय. काय आहे मला कळेना. सुम्ने, नुसता धप धप आवाज येतोय."

मी ऐकलं आणि मला पहिल्या चार ठोक्यांत कळलं. कसल्या गासडीवर वाजवलंस? गोणपाटात बांधलेल्या तंबाखूच्या, हो ना? आवाज भरीव, दमट, मागे कुठेतरी वजनकाट्याची साखळी वाजतेय, कुणीतरी एकदा खोकतं. ना नमस्कार, ना नाव. सरळ सातवं गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फक्त हातांनी, चार मिनिटं. आणि सगळ्यात शेवटी तुझा आवाज, एकच शब्द. "घ्या."

तो शब्द मी किती वेळा ऐकला हे सांगत नाही. दादाने फोन परत मागितला तेव्हा मी दिला नाही, एवढं सांगते.

सात तारखेचं आमचं रेकॉर्डिंग तुला कुणी पाठवलेलं नव्हतं. मी चैत्रा, प्रणेश आणि दादा, तिघांना शपथेवर विचारलं. तिथे गोदामात तू आमचं काहीही न ऐकता वाजवलंस, इथे ताग्यांच्या भिंतीत आम्ही तुझं न ऐकता. आज सकाळी प्रणेश आला, तुझं आणि आमचं, दोन्ही रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर घेतली. "आत्या, आशा बेड," आधीच बजावलं त्याने, "दोन वेगळे दिवस, दोन वेगळी गावं, जुळणार नाही. आपण तुकडे करून बसवू." चैत्रा मशीनच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. पहिला ठोका माझ्या पहिल्या टाळीवर ठेवला आणि त्याने बटण दाबलं.

कसं सांगू तुला? पहिल्या कडव्यात मी श्वास धरून होते. दुसऱ्यात तू केसभर मागे गेलास आणि परत आलास. तिसऱ्यापासून मी टाळ आणि ठोका वेगळे ऐकायचंच विसरले. ते वेगळे नव्हतेच. पंचाहत्तर किलोमीटरवर बसलेला तू आणि इथली मी, एकाच चढणीवर एकाच पावलाने वर चाललो होतो, आणि मधे कुणी मोजत नव्हतं. माझं वय साठ झालं, देवळात बरंच पाहिलं, पण असं काही माझ्या वाट्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी हात जोडले. कुणाला ते माहीत नाही. चैत्रा उभी होती, प्रणेश उभा होता, आणि मला वाटतं मीही.

मग शेवट आला. माझी शेवटची टाळी पडायच्या आधी तुझा शेवटचा ठोका पडला. फार नाही, अर्ध्या टाळीने.

प्रणेशने थांबवलं, परत लावलं, परत तेच. म्हणाला, "एंडला स्वल्प पुढे गेलाय. अर्धी टाळी. नुसता सरकवला की बसेल, कुणाला कळणार नाही." आणि मग तो माझ्याकडे वळला. मुद्दाम नाही, त्याच्या ध्यानातही नसेल. "आत्या, तुम्ही सांगा. पळालाय ना तो?"

चैत्राने मान वर केली.

मी म्हटलं, "हो. ह्या वेळी पळालाय. आणि त्याला हात लावायचा नाही."

उद्या तसंच चेन्नईला जाईल. सहा गाणी तुझ्या ड्रम्सची, सातवं गासडीचं, शेवटी अर्धी टाळी पुढे असलेलं. तबकडीवर तिघांची नावं आहेत. माझं घालू का म्हणून चैत्राने विचारलं, मी म्हटलं शशांकला विचार.

तुझ्या स्टिका ह्या पत्रासोबत पाठवणार होते. कागदात गुंडाळल्याही. मग सोडवून परत ताग्यांवर ठेवल्या. त्या टपालाने पाठवायच्या नाहीत, येशील तेव्हा तुझ्या हाताने घे.

चौऱ्याऐंशीपासून एकशे बारापर्यंत जे आहे ते मी तुला दिलं, आणि ते नाकारलंही मीच. पण शेवटची ती अर्धी टाळी मी शिकवलेली नाही, शशांक. ती तुझी आहे.

तुझी,
आत्या